व्हीपीवरून डायरेक्टर: चीफ ऑफ स्टाफ व्हावं की सेटलमेंटचा प्लॅटफॉर्म घ्यावा?

खराडीकर

परदेशी बँकेच्या पुण्यातल्या तंत्रज्ञान केंद्रात व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) आहे, या पदावर तिसरं वर्ष; पुढची पायरी डायरेक्टर. अनुभव १३ वर्षांचा, त्यातली शेवटची ६ सिक्युरिटीजच्या रिकन्सिलिएशनमध्ये (दोन बाजूंच्या नोंदी जुळवण्यात). टीम २२ जणांची. जानेवारीपासूनच्या कामासाठी दोन पर्याय समोर आलेत आणि आठवड्याभरात सांगायचं आहे.

एक, केंद्रप्रमुखांची चीफ ऑफ स्टाफ. हाताखाली कुणी नाही, पण वरिष्ठांच्या सगळ्या बैठकांना हजेरी. दोन, अमेरिकी बाजाराच्या सेटलमेंटचा (सौदा झाल्यावर शेअर आणि पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण) प्लॅटफॉर्म. ४० माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. जुना मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक), त्यावर जावाचं नवं काम, आणि महिन्याला दोन-तीन मोठे इन्सिडंट (सिस्टीम पडण्याचे प्रकार). आज सगळे निर्णय न्यूयॉर्कचा डायरेक्टर घेतो, पुणे फक्त राबतं.

आणखी एक: जूनपासून बाळंतपणाची रजा असेल. ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. डायरेक्टर होण्याच्या दृष्टीने कुठला पर्याय बरा, आणि घेण्याआधी काय ठरवून घ्यावं? "मनाचं ऐका" सोडून काहीही चालेल.

मेनफ्रेम_अजून_जिवंत

दुसरा. पण समोर ठेवलाय तसाच उचलू नका.

बढतीच्या पॅनलसमोर नाव गेलं की प्रश्न फिरून फिरून तेच येतात. किती रकमेच्या खर्चावर यांची सही चालते? किती माणसांचं रेटिंग या ठरवतात? सिस्टीम पडली तेव्हा फोन कुणाला गेला? चीफ ऑफ स्टाफला या तिन्हींचं उत्तर "साहेबांच्या वतीने" असं द्यावं लागतं. वर्षभर उत्तम काम करूनही हातात राहतात ती स्लाइड्स, हेडकाउंटचा तक्ता, टाउनहॉल आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं वेळापत्रक. वर केंद्रप्रमुख बदलला, आणि ते बदलतातच, की या पदाला घर उरत नाही. नवा माणूस स्वतःचा चीफ ऑफ स्टाफ आणतो.

हे पद कधी घ्यावं? कारकीर्द एकाच कोपऱ्यात गेलेली असेल, साहेब अजून दीड-दोन वर्षं तिथेच असल्याची खात्री असेल, आणि नंतर कुठली टीम मिळणार हे आजच लिहून मिळत असेल तर. तिन्ही असतील तरच. बायकांना हे पद जास्त का देऊ केलं जातं यावर वेगळा धागा काढता येईल. "सगळ्यांना सांभाळून घेते" ही तारीफ ज्या फाइलमध्ये जाते ती फाइल डायरेक्टरच्या यादीत सहसा जात नाही, एवढंच म्हणतो.

आता प्लॅटफॉर्म. बँकेच्या ॲप्लिकेशन इन्व्हेंटरीत प्रत्येक सिस्टीमपुढे मालकाचं नाव असतं. ऑडिटचं पत्र त्या नावाने येतं, रिलीजची मंजुरी त्या नावाने होते. तिथे न्यूयॉर्कच्या माणसाचं नाव ठेवून "पुण्यातून तुम्ही बघा" असं चाललं असेल तर शिव्या तुमच्या आणि अधिकार त्याचा. नाव बदलून घ्यायचं, तारखेसकट.

पण नाव घेण्याआधी घरातली मडकी मोजा. उघडे ऑडिट मुद्दे किती आणि प्रत्येकाची मुदत कधी. मुदत टळलेला मुद्दा तुमच्या नावावर आला की पहिल्याच तिमाहीत तुमच्या रेटिंगला चिकटतो, मग तो तीन वर्षं जुना का असेना. पहिल्या ९० दिवसांत स्वतःहून दोष शोधून नोंदवा. टीमने स्वतः नोंदवलेला दोष आणि ऑडिटने पकडलेला दोष यांना वेगळ्या तराजूत तोलतात. सपोर्ट संपलेल्या सॉफ्टवेअरची यादी मागा. शेवटची डिझास्टर रिकव्हरीची (मोठ्या बिघाडानंतर सिस्टीम पुन्हा उभी करण्याची) चाचणी कधी झाली आणि ती खरंच पूर्ण झाली की "सवलत घेऊन उत्तीर्ण" झाली, हे विचारा. कोबोल (मेनफ्रेमची जुनी भाषा) लिहिणारे किती, त्यातले निवृत्तीला कोण, कंत्राटी लोकांचे करार कुठल्या महिन्यात संपतात.

इन्सिडंटबद्दल: मागच्या १२ महिन्यांची यादी घेऊन चार गठ्ठे करा. बदल टाकल्यामुळे पडलं, क्षमता अपुरी पडली, वरच्या सिस्टीमकडून (जिथून आपल्याकडे डेटा येतो ती) डेटा खराब किंवा उशिरा आला, बॅच (रात्री एकगठ्ठा चालणारं काम) लांबली. पहिला गठ्ठा मोठा असेल तर रिलीजची शिस्त लावून तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. तिसरा मोठा असेल तर तुमच्या टीमने कितीही घाम गाळला तरी आकडा हलणार नाही, तिथे वरच्या सिस्टीमच्या मालकाशी लेखी करार लागतो. हे न बघता "इन्सिडंट निम्म्यावर आणते" असा शब्द देऊ नका.

आणि निर्णय पुण्यात का यावेत याचं कारण घड्याळातच आहे. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून सेटलमेंट टी+१ झालं, म्हणजे ट्रेडनंतर एका कामकाजाच्या दिवसात. ट्रेडच्या दिवशी न्यूयॉर्कच्या रात्री ९ पर्यंत अफर्मेशन (ट्रेडच्या तपशिलाला दुजोरा) व्हावं लागतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. तिकडची रात्रीची बॅच आपल्या सकाळी चालते. ती अडकली की जागा असलेला माणूस पुण्यात असतो आणि मंजुरी देणारा झोपलेला. मंजुरीच्या फोनची वाट बघण्यात गेलेली मिनिटं मागच्या वर्षभराच्या इन्सिडंटच्या नोंदींमधून काढा. इन्सिडंट कमांडरचा (इन्सिडंटच्या वेळी निर्णय घेणाऱ्याचा) अधिकार मागायला यापेक्षा चांगला कागद नाही. न्यूयॉर्कच्या डायरेक्टरलाही रात्रीचा फोन नकोच असतो, त्यामुळे भांडण वाटतं तेवढं होत नाही.

युरोपीय संघ, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड ११ ऑक्टोबर २०२७ ला टी+१ वर जाणार आहेत. अमेरिकेचं काम जवळून पाहिलेली टीम तिथे लागणारच. म्हणजे हा प्लॅटफॉर्म फक्त सांभाळायचा नाही, त्यातून पुढच्या कामाचं बजेट निघू शकतं.

हिशेबनीस

वर सहीचा विषय आला आहे तर पैशांचं सांगतो. तंत्रज्ञानातून वर येणाऱ्यांचं गाडं फायनान्सच्या पहिल्याच बैठकीत अडतं, कारण "मी इतके वाचवले" आणि फायनान्सचं "इतके वाचले" हे दोन आकडे जुळत नाहीत.

सोपे आकडे धरू. ४० माणसांचा वर्षाचा एकूण खर्च १६ कोटी, म्हणजे माणशी ४० लाख. त्यातले १० कोटी नव्या विकासावर आणि ६ कोटी चालू कामावर. नव्या विकासाचा खर्च लेखानियमांच्या अटी पूर्ण करत असेल तर तो मालमत्ता म्हणून भांडवली होतो (आपल्याकडे इंड एएस ३८) आणि सॉफ्टवेअर वापरात आल्यापासून, समजा ५ वर्षांत, थोडा थोडा नफ्यातोट्यात उतरतो. आता विकासाच्या कामावरचे ५ लोक कमी केले. रोख वाचली २ कोटी. नफ्यातोट्यात दिसणार वर्षाला ४० लाख. तेच ५ लोक चालू कामातून कमी झाले असते तर पूर्ण २ कोटी त्याच वर्षी दिसले असते. पॅनलच्या कागदात "२ कोटी वाचवले" लिहिलं आणि फायनान्सच्या माणसाने ४० लाख म्हटलं, तर तिथे तुमचं बाकीचं सगळं धुऊन जातं. कागद पुढे जाण्याआधी फायनान्सच्या पार्टनरकडून आकडा तपासून घ्या आणि "फायनान्सने मान्य केलेला" हे शब्द घाला.

उलटा धोकाही आहे. अर्धवट प्रकल्प बंद केला तर भांडवली केलेली उरलेली रक्कम एकदम तोट्यात टाकावी लागते. घेण्याआधी विचारा की या प्लॅटफॉर्मवर भांडवली खर्चाची शिल्लक किती आहे. जावाचं ते "नवं काम" तीन वर्षं रखडलेलं असेल तर ते बंद करण्याचा निर्णय तुमच्या पहिल्या वर्षात तुमच्या नावावर नको. घ्यायचाच असेल तर पद स्वीकारण्याआधी आधीच्या मालकाच्या काळात नोंद होऊ दे.

बारीक गोष्टी, पण यांनीच माणूस ओळखला जातो:

रिकामी जागा बरेच महिने भरली नाही की तिमाहीच्या फेरअंदाजात काढून घेतात. पुण्यात ९० दिवसांचा नोटिस पीरियड सर्रास आहे, म्हणजे राजीनामा आला त्याच दिवशी बदली माणसाची मागणी टाकली तरी नवा माणूस येईपर्यंत तीन-चार महिने जातात.

डॉलरमधलं बजेट ठरलेल्या दराने बांधलेलं असतं. रुपया घसरला की पुण्याचा खर्च आपोआप कमी दिसतो. त्याचं श्रेय घेऊ नका. पुढच्या वर्षी दर उलटला की तोही तुमच्याच नावावर लागेल. मासिक अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक एका ओळीत सांगता यायला हवा: इतका भरतीच्या उशिरामुळे, इतका कंत्राटी दरामुळे, इतका विनिमय दरामुळे.

आणि तुमच्या केंद्राची भारतीय कंपनी मूळ बँकेला खर्च अधिक ठरावीक टक्के या हिशेबाने बिल लावत असेल, तर इथला नफा हे कुणाच्याच कर्तबगारीचं माप नाही. केंद्रप्रमुखांच्या स्लाइडवरच्या "पुणे केंद्राचा नफा"ला भुलून चीफ ऑफ स्टाफ घेऊ नका.

खराडीकर

दोघांनाही धन्यवाद. इन्व्हेंटरीतल्या नावाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. प्लॅटफॉर्मकडे झुकले आहे.

दोन प्रश्न उरतात. मेंटॉर दोन आहेत, दोघीही चांगल्या, पण पॅनलवर नाहीत. आणि रजा बरोबर पॅनलच्या काळात येते. मागच्या फेरीत "अजून एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स (वरिष्ठाला शोभेल असा वावर) हवा" एवढंच ऐकायला मिळालं होतं, त्याचं काय करायचं असतं?

बंद_दारामागे

बहुतेक परदेशी बँकांत साधारण असं चालतं: जुलै-ऑगस्टमध्ये नावं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कागद आणि पॅनल, वर्षअखेरीस वरची मान्यता, जानेवारी-फेब्रुवारीत घोषणा. तुमच्या बँकेच्या नेमक्या तारखा एचआरकडून आत्ताच घ्या. डायरेक्टरच्या पातळीवर पॅनलवरचे बरेच लोक दुसऱ्या शहरातले आणि दुसऱ्या विभागातले असतात. त्यांना तुम्ही माहीत नसता. त्यांच्यापुढे दोन-तीन पानांचा कागद असतो आणि खोलीत एक माणूस असतो जो तुमच्यासाठी तोंड उघडतो. मेंटॉर तुमच्याशी बोलते. स्पॉन्सर तुमच्याबद्दल बोलतो, तेही तुम्ही नसताना. मेंटॉर सोडू नका, पण या कामाला त्या पुरणार नाहीत.

किमान तीन लागतात आणि तिघं तीन दिशांचे हवेत. एक तुमच्याच साखळीतला एमडी (मॅनेजिंग डायरेक्टर, डायरेक्टरच्या वरची पायरी). एक व्यवसायाच्या बाजूचा, तुमच्या बाबतीत सेटलमेंट ऑपरेशन्सचा प्रमुख. याचा शब्द सगळ्यांत जड, कारण तो तुमचा ग्राहक आहे. तिसरा रिस्क किंवा कंट्रोलचा, जो म्हणेल की या बाईंकडे प्लॅटफॉर्म आल्यापासून मुदत टळलेले मुद्दे शून्यावर आले. पॅनलवरचे लोक तुम्ही दिलेल्या नावांपलीकडेही एक-दोन फोन करतात, म्हणून एकावर विसंबू नका.

"कॉफी घेऊ या का" याने स्पॉन्सर मिळत नाही. मिळतो तो कामातून. ऑपरेशन्सच्या प्रमुखाला महिन्याला एक पान पाठवा: किती ट्रेड अडकले, का अडकले, पुढच्या महिन्यात काय बदलतोय, त्यांच्याकडून कुठला एक निर्णय हवा. निर्णय मागणं महत्त्वाचं. ज्याने तुमच्या दोन निर्णयांत हात घातलाय तो तुमच्या यशात भागीदार होतो आणि मग खोलीत आपोआप बोलतो. सहा महिने तरी लागतात याला.

कागदात काय लिहायचं. वाईट वाक्य: "४० जणांच्या टीमचं नेतृत्व करून अनेक महत्त्वाचे प्रकल्प वेळेत पूर्ण केले." चांगलं वाक्य, आकडे नमुन्याचे: "जानेवारीत महिन्याला सरासरी ३ मोठे इन्सिडंट होते, मेअखेर १; रिलीजची मंजुरी पुण्यात आणल्याने बॅच सावरण्याचा वेळ ९५ मिनिटांवरून ४० वर; ऑपरेशन्सने दोन हातमेहनतीच्या तपासण्या बंद केल्या." आधी किती, नंतर किती, तुम्ही नेमका कुठला निर्णय घेतलात, फायदा कुणाला झाला. शेवटचं नसेल तर ते चांगल्या व्हीपीचं वर्णन ठरतं, डायरेक्टरचं नाही. व्हीपीच्या कामाची उत्कृष्ट वर्षं मोजून कुणी डायरेक्टर होत नाही. त्या पातळीचं काम आधीपासून चालू आहे, एवढंच पॅनलला पाहायचं असतं.

एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्सचं म्हणाल तर तो अभिप्राय तसा घेऊन घरी जायचंच नाही. विचारायचं: कुठल्या बैठकीत, मी काय म्हटलं, काय म्हणायला हवं होतं, आणि हे कुणाचं मत आहे. उत्तर आलंच तर बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं. एक म्हणजे निर्णयाआधी तपशील. न्यूयॉर्कच्या फोनवर पहिलं वाक्य "मला हे हवं", दुसरं "नाही मिळालं तर हे होईल", तिसरं "खर्च इतका". तांत्रिक कारण विचारलं तरच. दुसरं म्हणजे बोलताना कुणी तोडतं आणि मुद्दा तिथेच राहतो. मग "माझा दुसरा मुद्दा राहिलाय" म्हणून तो पूर्ण करायचा, आणि बैठकीनंतर तासाभरात निर्णयाची दोन ओळींची मेल आपणच टाकायची. बैठकीत कोण काय बोललं हे चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही, मेल राहते. उत्तर आलंच नाही तर तो अभिप्राय पोकळ आहे आणि तुमचं नाव दुसऱ्याच कारणाने मागे पडलं, असं समजा. बहुधा मोठी जबाबदारी नव्हती म्हणून. ती आता येतेय.

अजून एक. मिनिट्स लिहिणं, दिवाळीची सजावट, महिला दिनाचं पॅनेल, नव्यांची ओळखपरेड. यातलं एखादं करा, बाकी टीममध्ये फिरवा, पुरुषांसकट. वुमेन्स नेटवर्कचं अध्यक्षपद बजेट आणि भरतीच्या अधिकारासकट मिळत असेल तर विचार करण्यासारखं आहे, नाहीतर ते फोटोचं काम आहे.

रजा_आणि_हक्क

रजेचा भाग, आधी कायदा. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८. दोन मुलं आधीच असतील तर १२ आठवडे. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि दिवसातून चार भेटी. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम, पण ते दोघांच्या संमतीने ठरतं, आपोआप मिळत नाही. आणि हे लक्षात ठेवा: रजेमुळे गैरहजर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहेच, सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणंही बेकायदेशीर आहे. बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तर मालकाने काम द्यायचंच नाही. "जरा लॅपटॉप उघडून मंजुरी देता का" हेही त्यात आलं, म्हणून मंजुरीचे अधिकार सिस्टीममध्येच दुसऱ्याच्या नावे करून जा.

पण कायदा पद वाचवतो, प्लॅटफॉर्म वाचवत नाही. "पगार तोच, ग्रेड तोच, टीम मात्र आता दुसऱ्याकडे" हे कोर्टात सिद्ध करणं अवघड आणि रोजचं आहे. त्यामुळे हंगामी माणसाच्या नेमणुकीत "हंगामी" हा शब्द आणि शेवटची तारीख, दोन्ही हवेत. तुमच्याच टीममधला एक पायरी खालचा माणूस हंगामी नेमायला सांगा. तुमच्या बरोबरीचा शेजारच्या टीममधून आला तर तो टीम परत द्यायला सहा महिन्यांनी राजी नसेल.

आता तारखा. जूनच्या सुरुवातीपासून २६ आठवडे म्हणजे डिसेंबरची सुरुवात. बँकांत डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत प्रॉडक्शनमध्ये बदल बंद असतात, न्यूयॉर्क सुट्टीवर जातं. त्यात परत येऊन काहीच दिसत नाही. साठलेली रजा जोडून जानेवारीच्या पहिल्या सोमवारी या, किंवा तो शांत काळ फक्त टीमशी बोलायला वापरायचा असेल तर डिसेंबरातच या. मध्यावर येऊन "काही चाललंच नाही" असं वाटून खचू नका.

नावांचा आणि पॅनलचा काळ पूर्ण रजेत जातोय. जानेवारी ते मे या पाच महिन्यांच्या कामावर याच फेरीत डायरेक्टर होणं कठीण आहे, स्पष्टच सांगते. पुढची फेरी धरा, पण तिची पायाभरणी मेआधी करून जा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवातीचे आकडे नोंदवून साहेबांना मेल करा: इन्सिडंट, सावरण्याचा वेळ, उघडे ऑडिट मुद्दे, रिकाम्या जागा, मासिक खर्च. मेअखेर तेच पुन्हा. हे केलं नाही तर तुमच्या मागे आलेली सुधारणा हंगामी माणसाच्या खात्यात जाते, आणि त्यात त्याची काही चूकही नसते. वर्षाची उद्दिष्टं जानेवारीतच पाच महिन्यांच्या मापाने लिहून घ्या, म्हणजे वर्षअखेर बारा महिन्यांच्या मापाने रेटिंग होणार नाही. बोनस रजेच्या काळात कसा धरतात हे धोरण लेखी मागा.

सांगायचं कधी? पदाचं पत्र हातात आल्यावर, दोन-तीन आठवड्यांत, स्वतः, सोबत एक पानाचा आराखडा घेऊन. आधी सांगायची कुठलीही सक्ती नाही. फार उशीर मात्र नको, तिसऱ्याकडून कळलं तर साहेब दुखावतो आणि नेमका तोच तुमचा पहिला स्पॉन्सर.

दादरची_संचालक

थोडं विषयांतर, पण उपयोगी. पुढच्या दहा वर्षांचा विचार असेल तर स्वतंत्र संचालकपदाची (कंपनीच्या संचालक मंडळावर बाहेरून घेतलेली व्यक्ती; बँकेतल्या डायरेक्टर पदाशी संबंध नाही) तयारी आत्तापासून ठेवा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत, आणि १०० कोटी भरणा भांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल असलेल्या पब्लिक कंपनीत, किमान एक महिला संचालक लागते. सेबीने १ एप्रिल २०२० पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांत किमान एक स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. तंत्रज्ञान आणि जोखीम दोन्ही कळणाऱ्या बायका कमी आहेत, मागणी खरी आहे. आयआयसीएच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स) डेटाबँकेत नाव नोंदवायचं, ऑनलाइन परीक्षा द्यायची, ५० टक्के गुण लागतात.

बंद_दारामागे

दादरची_संचालक, मुद्दा बरोबर, वेळ चुकीची. नोकरीत असताना बाहेरचं संचालकपद घ्यायला बँकेची परवानगी लागते आणि हितसंबंधाच्या कारणाने ती बऱ्याचदा नाकारतात. शिवाय नामांकन समिती व्हीपी घेत नाही. बजेट आणि ऑडिट कमिटीसमोर उभं राहिल्याचा अनुभव मागते. मीटिंगच्या फीला भुलू नका, कायद्याने ती एका मीटिंगला जास्तीत जास्त १ लाख आणि जबाबदारी त्याहून कितीतरी मोठी.

संचालक मंडळ आतून कसं चालतं हे बघायचंच असेल तर महाराष्ट्रात जवळचा रस्ता आहे: नागरी सहकारी बँका. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने १०० कोटी आणि त्यावर ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज व्यवस्थापन मंडळ नेमायला लावलं. त्यावर बँकिंग, लेखा, कायदा, माहिती तंत्रज्ञान अशा विषयांचे जाणकार घेतात. पैसा नगण्य, पण कर्जमंजुरी, एनपीए (थकीत कर्जं), सायबर सुरक्षा आणि तपासणी अहवाल हे सगळं टेबलावर येतं. त्यालाही परवानगी लागेलच. आणि हे डायरेक्टर झाल्यावर. आत्ता नाही.

दादरची_संचालक

मान्य. परीक्षा मात्र सोपी आहे, अभ्यासाला सुट्टीचे चार दिवस पुरतात.

खराडीकर

ठरलं, प्लॅटफॉर्म. उद्या साहेबांशी बोलणं आहे. होकाराच्या मेलमध्ये नेमकं काय लिहू? रजेचा उल्लेख न करता.

मेनफ्रेम_अजून_जिवंत

छोटी ठेवा, आभार एका ओळीत. मग अटी म्हणून नको, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं म्हणून. इंग्रजीत तुम्ही कराल, मजकूर असा:

"१. ३१ जानेवारीपर्यंत ॲप्लिकेशन इन्व्हेंटरीत मालक म्हणून माझं नाव. न्यूयॉर्कचे सहकारी ३१ मार्चपर्यंत सोबत, त्यानंतर सल्लागार.

२. इन्सिडंटच्या वेळी निर्णयाचा अधिकार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार संध्याकाळी ६ ते सकाळी ६ माझ्या टीमकडे.

३. ४० जागांची भरती, रेटिंग आणि कंत्राटी नूतनीकरण माझ्या सहीने. बजेटच्या मासिक आढाव्याला फायनान्ससोबत मी.

४. १५ जानेवारीपर्यंत उघडे ऑडिट मुद्दे, भांडवली शिल्लक आणि सपोर्ट संपलेल्या घटकांची यादी हस्तांतराच्या तारखेसह. त्याआधी मुदत टळलेले मुद्दे आधीच्या मालकाच्या काळातले म्हणून नोंद.

५. रिकन्सिलिएशनची २२ जणांची टीम कुणाकडे आणि कधी जाते."

पाचवा लोक विसरतात आणि मग मार्चपर्यंत दोन्ही कामं करत बसतात. दुसऱ्या मुद्द्यात वेळ न्यूयॉर्कची लिहिली आहे, कारण तिकडचे संध्याकाळचे ६ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की तेच साडेचार होतात. पहाटेची पाळी वाटून घ्यायला दोघं तयार असलेले आधी शोधून ठेवा. ती तुम्ही स्वतः घ्यायची नाही, जानेवारीतही नाही.